सावळेराम महाराजांना दिसलेला नारळ

आळे गावात सावळेराम महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज डोळे मिटून चार गावांपलीकडचं सांगत. कुणाची शेळी व्याली, कुणाच्या अंगणात कोण येऊन गेलं, सगळं अचूक. बाया गालांवर चापट्या मारून घेत. त्याआधी महाराज आतल्या खोलीत ध्यानाला बसत आणि ध्यानाला मोबाईल सोबत नेत, एवढं मात्र कुणी मनावर घेत नव्हतं.

साळुबाई पदर खोचून पुढेच बसली होती. तिची सून आरोही गोठ्यात करणी करते म्हणूनच गाय आटली, असं महाराजांनी सांगितलं होतं. तेव्हापासून मुलगा संपत बायकोला माहेरी धाडायच्या गोष्टी करत होता. साळुबाईला सुनेचा फार पुळका होता असं नाही. भाकरी जाड थापते, उलट बोलते. पण आपल्या घरातून कुणाला काढायचं हे कुण्या जटावाल्याने ठरवावं, हे तिला खपण्यातलं नव्हतं. शिवाय याच पायी तिने स्वयंपाकघरात संपतला लाटणं हाणलं होतं, ते महाराजांना दिसलं नव्हतं. देवाला गोठा दिसतो आणि चूल दिसत नाही, हे कसं?

महाराज बाहेर आले, डोळे मिटले. "साळुबाई, तुझी सून आज सकाळी हिरवी साडी नेसून गोठ्यात गेली. गव्हाणीखाली नारळ पुरला. घर बुडवील ती."

शेजारी बसलेल्या संपतने मान खाली घातली.

"तोंड दिसलं का तिचं?" साळुबाईने विचारलं.

"मला तोंड लागत न्हाई, माई. मी आत्मा वळखतो."

"मंग माझा कसा वळखला न्हाई? तिची साडी नेसून, डोक्यावरनं पदर वढून मीच पुरला नारळ. सून कालपासनं जुन्नरला व्हती, झेबाच्या घरी. तिथनं सरळ हितंच आलीया."

मागून आरोही उठली. सोबत तिची मैत्रीण झेबा, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी. झेबाने स्वतःच्या मोबाईलवर साळुबाईचा गोठा उघडून सगळ्यांना दाखवला. गाय रवंथ करत होती.

बिबट्याच्या भीतीने गोठ्यागोठ्यात कॅमेरे लागले, ते बसवणारा ऋषी महाराजांचा भाचा. शेतातूनही गोठा दिसावा म्हणून त्याने घरच्या वायफायच्या राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक नंबराचं दार, उघडून दिलं होतं. बाहेरून कुणी त्या नंबरावर आलं की राऊटर त्याला सरळ कॅमेऱ्यापाशी नेऊन सोडतो. कुलूप म्हणून फक्त पासवर्ड, आणि तो कंपनीने खोक्यावर छापलेलाच ठेवलेला. मामाला एवढी सिद्धी पुरली. गाय आटली होती ती गाभण होती म्हणून.

झेबाने तिथेच पासवर्ड बदलला. घरी जाऊन ते पोर्टही ती बंद करणार होती.

साळुबाई महाराजांपुढे जाऊन उभी राहिली. "आता सांगा, माझी गाय बसलीया का उभी?"

महाराजांनी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले.

"बायांनो," साळुबाई वळून म्हणाली, "सुनेवर बोट दाखवायच्या आधी इचारा, ह्या माणसाला दिसतं ते कुठनं दिसतं." मग संपतकडे पाहिलं. "चल. नारळ उकरून काढ आन बायकोला फोडून दे खायला."