आत्याबाईंचा गुडघा

प्रमिलाचं डोकं उठलं होतं. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत ती एकदा आपटली होती, आणि तीही एकाच प्रश्नावर: संयोजी ऊतींचे प्रकार आणि त्यांची शरीरातली ठिकाणं. सोमवारी धुळ्याला दुसरी आणि शेवटची संधी होती. या वेळीही अडली तर शिक्षण बंद, मग साक्रीला सासरी बसून जन्मभर शेतात निंदणी करायची.

घरी शांतपणे अभ्यास होईल म्हणून ती चार दिवसांची रजा घेऊन आली, तर सासू भिकुबाई पाठ सोडेना.

"अस्थी, कास्थी, स्नायुरज्जू, अस्थिबंध..."

"प्रमिला, मन्हा गुडघा भलता दुखस वं."

गुडघा चोळून पुस्तक उघडावं, तर टाच. टाच झाली की मागच्या बाजारात मुरगळलेला घोटा. भिकुबाईंच्या अंगात एक जागा धड असेल तर शपथ.

"आत्याबाई, पाच मिनिट तरी गप बसा ना."

"मी गपच शे. तुन्हा पुस्तकमा मन्हा गुडघानं काय लिखेल शे?"

"काहीच नही लिखेल," प्रमिला तडकली. लिहिलेलं होतं, पण सांगत बसायला वेळ कुणाला होता?

सोमवारी जाड चष्म्याच्या मॅडमनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि प्रमिलाला एकही ओळ आठवेना. तिला सासूचा असा राग आला की विचारू नका. चार दिवस तेल चोळण्यात गेले. डोळ्यांपुढे पुस्तकाऐवजी म्हातारीच उभी राहिली. मग ती तिच्याकडे बघूनच बोलत सुटली.

"पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधतो तो स्नायुरज्जू. घोट्यात हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, पाय मुरगळला की तोच ताणला जातो. चरबीची ऊती कातडीखाली, पोटावर."

"आणि कास्थी?"

"कानाची वरची कड, मॅडम. तिथं बुगडी घातली तरी कान ताठ राहतो. खालच्या पाळीत ती नसते, म्हणून जड बाळ्यांनी पाळी ओघळते. नाकाच्या शेंड्याला असते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर असते."

"तिथली झिजली तर?"

"भरून येत नाही. कास्थीत रक्तवाहिन्याच नसतात."

मॅडमनी मान वर केली. "हे पाठ केलेलं वाटत नाही," म्हणाल्या आणि पास केलं.

संध्याकाळच्या एसटीनं पेढे घेऊन ती घरी आली. भिकुबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी तेलाची वाटी तयार. पेढा तोंडात टाकून त्यांनी सुनेकडे मोठ्या आशेनं पाहिलं.

"आते तू शिकी उनी. सांग, मन्हा गुडघा कव्हय बरा व्हई? काय लिखेल शे पुस्तकमा?"

ज्या उत्तरानं ती पास झाली होती, ते प्रमिलाच्या ओठांवर आलं. चार दिवस म्हातारीवर चिडलेल्या तिला आता पुस्तकाचा राग आला. तिनं वाटी पुढे ओढली.

"काहीच नही लिखेल, आत्याबाई. पाय लांब करा."