दाण्याविना मळणी

काळुरामने दसऱ्यालाच लेकाला, गुणाजीला, सांगून टाकलं, "औंदाही मका पिवळा पडला. पुढल्या पावसात नाय सुधरला, तर त्या तुकड्यात गवत. मुंबईच्या तबेल्यांना हवंच असतं."

अख्ख्या बाळकुम गावात भात. उंचवट्यावर मका लावायचा हट्ट गुणाजीचा एकट्याचा. रोग त्याने खणून पाहिला होता. लाकडी नांगर वर्षानुवर्षं वीतभरच खरवडत आलेला. खाली माती दगडासारखी. पाणी मुरेना आणि मुळं कुजत.

त्याने माजिवड्याच्या मेव्हण्याचा लोखंडी नांगर आणला, दोन बैलजोड्या जुंपल्या. मक्याची ताटं बाप भाताच्या रोपवाफ्यावर राब म्हणून जाळणार होता. ती भांडून रानातच ठेवली, मातीखाली कुजवायला. पण पहिल्याच फेरीला ताटं फाळाला गुंडाळली आणि नांगर वरच्यावर घसरू लागला.

"नांगराने वेणी घातली बघा!" बायको बायजा खळखळून हसली. मग पदर खोचून म्हणाली, "भात मळतो तशी ही मळू या."

रानातच खांब रोवला, ताटं पसरली आणि बैल त्यांवर गोल फिरू लागले. बांधावरून शेजारी महिपत ओरडला, "गुण्या, दाणा कुठाय रं? वहिनी, सूप आणू काय उफणायला?"

"आणा भावोजी, तुमची अक्कल उफणून बघू!"

गाव हसायला जमलं. तिकडे काळुरामची चुळबुळ चाललेली. शेवटी त्याला राहवेना.

"अरे, धिमा बैल आत, खांबाजवळ बांध! मळणी येत नाय आणि चालले नांगरायला!" त्याने कासरा हिसकावला आणि गुणगुणत बैल हाकू लागला. दुपारपर्यंत ताटांचा मऊ भुगा झाला. मग फाळ खोल रुतला, घट्ट थर ढेकळांनी फुटला, भुगा खाली गाडला गेला. नांगरामागे बगळे चालू लागले.

पुढल्या श्रावणात धो धो कोसळलं, तरी त्या तुकड्यात पाणी साचलं नाही. मका हिरवागार वाढला. काळुराम कणसं मोडायला आत शिरला तो दिसेनासाच झाला. नुसता खोकला ऐकू येई.

संध्याकाळी अंगणात कणसं भाजली. महिपतही आला, अर्थातच.

"काका, गवत कधी लावताय?"

"लावू की, तुझ्या अंगणात," काळुराम गरम दाणे तोंडात घोळवत म्हणाला. मग लेकाकडे न बघताच, "गुण्या, मेव्हण्याला निरोप धाड. यंदा नांगर दोन दिवस लागंल. शेजारचा माळही उलथू."

बायजाने सर्वांत मोठं कणीस नवऱ्याच्या हातात ठेवलं.