निळ्या वेलीतले दगड

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका जुन्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लॅव्हिनिया टार्पली बावीस वर्षं लोकांना एकच हवेली दाखवत होती. कुठला गव्हर्नर कुठल्या खुर्चीत बसला, हे तिला तोंडपाठ होतं. त्या दिवशी एर्नेस्टीन गॅस्किन्स नावाची एक काळी म्हातारी काठी टेकत आली आणि खुर्च्यांकडे ढुंकूनही न बघता म्हणाली, "पोरी, माझी पणजी इथे गुलाम होती. मागच्या झाडीत पुरलीय तिला. गुलामाचं नाव दगडावर कोरू द्यायचे नाहीत, म्हणून घरच्यांनी निळ्या फुलांची वेल लावली आणि प्रत्येकाच्या उशाशी एकेक दगड रोवला. पणजीचा गारगोटीचा, पांढरा."

गेल्या वसंतात, बागांच्या स्पर्धेआधी, नुसता कचरा म्हणून लॅव्हिनियानेच ती वेल उपटली होती. दगड मात्र छान होते, ते ढकलगाडीतून पुढे आणले होते.

"चल ना, दाखव ती जागा!" म्हातारी म्हणाली. "का तुमच्या हवेलीत गुलाम मेलेच नाहीत?"

लॅव्हिनिया मान खाली घालून तिला झाडीऐवजी पुढच्या बागेत घेऊन आली. रोझमेरीच्या वाफ्याभोवती चाळीस दगड ओळीने मांडलेले होते, मधोमध पांढराशुभ्र एक. शेजारी पितळी पाटी होती: काउंटीतला सर्वांत सुंदर वाफा. त्याखाली लॅव्हिनियाचं नाव.

म्हातारीने पाटी सावकाश वाचली. मग पांढऱ्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "तुझं नाव बरं कोरू दिलं गं त्यांनी."