गाडी थांबल्यावरचे एक मिनिट

मित्रांनो, मी एक जुनी टर्बो गाडी आहे. उद्या सकाळी भंगारवाला मला न्यायला येणार आहे, म्हणून आजच बोलून घेते.

माझा जन्म दूर स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. अंग चौकोनी, नाक सरळ, दिसायला अगदी साधी. पण पोटात टर्बो नावाचा पंखा. इंजिनाच्या धुरावर तो फिरे आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबी. माझ्या मालकांनी, म्हणजे बाबांनी, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मी क्षणभर विचार करी आणि मग अशी सुटे, की मागच्या सीटवर त्यांची लेक खिदळू लागे.

मात्र पळून आल्यावर तो पंखा लालबुंद झालेला असे. "आल्या आल्या बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या, नाहीतर आतलं तेल जळेल," असे मेकॅनिकने बजावले होते. बाबांनी ते कधीच मोडले नाही. मी गॅरेजमध्ये गुरगुरत उभी राही आणि बापलेक समोरच्या भिंतीकडे बघत बसत. एकमेकांकडे बघावे लागत नसे म्हणून असेल, पण अवघड गोष्टी त्यांना तिथेच बोलता येत. गणितात नापास झाल्याचे लेकीने तिथेच सांगितले. आई आता बरी होणार नाही, हे बाबांनी तिथेच सांगितले. त्या दिवशी मी बराच वेळ चालू होते.

पुढे लेक कमावती झाली, बाबांची नजर अधू झाली आणि तिने माझ्याच घराण्यातली नवी गाडी आणली. मी तिला धाकटी म्हणते. 'जुनं ते सोनं' म्हणणारे शेजारीही तिच्याच भोवती घोटाळतात! खोटे कशाला बोलू, मलाही ती आवडते. पाय टेकला की निघते, विचारबिचार करत नाही. टर्बो तिच्याही पोटात आहे, पण तो आपला आपण थंड होतो. बटण दाबले की सगळे चिडीचूप. लेक लगेच उतरते, बाबा काठी चाचपत मागून येतात आणि दोघे न बोलता घरात जातात. माझ्याबरोबर ते मिनिटही भंगारात जाणार, याचेच मला फार वाईट वाटत होते.

काल संध्याकाळी दोघे डॉक्टरांकडून आले. लेक उतरली, बाबा आतच बसून राहिले.

"बाबा, उतरा ना."

"थांब गं जरा. थंड होऊ दे तिला."

"अहो, हिला नाही लागत तसं."

"मला लागतं," बाबा म्हणाले.

लेक दार धरून उभी राहिली. मग आत बसली आणि तिने दार ओढून घेतले. ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. काचांवर हळूहळू वाफ धरली आणि दोघे दिसेनासे झाले.

मित्रांनो, उद्या मी खुशाल जाईन. तुम्ही तेल वेळेवर बदला, चाकांतली हवा बघा, ते तर कराच. पण गाडी थांबली म्हणून लगेच दार उघडू नका. शेजारी बसलेल्याला काही सांगायचे असेल.