पळायचं नाही

"ऊठ. नाटकं पुरे. एक फेरी मार, आपोआप बरं वाटेल."

"बाबा, छातीत दुखतंय."

"परवा पोटात दुखत होतं, आज छातीत. उद्या कानात दुखेल!"

मैदानावरची पोरं खिदळली. सर शाळेत खेळ शिकवत. सर्दी झाली? पळा. मार्क कमी पडले? पळा. सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे हेच एक औषध. त्यांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, ती तर ते आवडीने घ्यायची. ताप आणि जुलाबांनी ती आठवडाभर अंथरुणात होती. जुलाब थांबले तसं सरांनी तिला मैदानावर आणलं. पडून राहिलं की अंग आंबतं, असं त्यांचं मत.

भिंगरी उठली. पळाली. वळणापर्यंत गेली आणि

बसली.

पडली नाही. नुसती खाली बसली. हात छातीवर, ओठ पांढरे.

*

छातीला चिकटवलेल्या वायरी. रक्त काढणारी सुई. पडद्यावर एवढंसं हृदय, दमल्यासारखं उघडमीट करणारं.

"शौचाच्या तपासणीत जंतू सापडलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते पोट बिघडवतात. पण क्वचित एखाद्या मुलाच्या हृदयाच्या स्नायूलाही त्यामुळे सूज येते."

"जुलाबाचं दुखणं हृदयापर्यंत जातं?"

"फार क्वचित. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. फक्त सुजलेल्या हृदयाला पळवायचं नाही."

"मी पळवलं."

"आता नका पळवू. काही महिने तरी."

बायको दाराशी उभी होती. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर सरांना हलकं वाटलं असतं.

*

घर. भिंगरी खाटेवर, सर खुर्चीत. दोघांनाही बसायला शिकायचं होतं.

"बाबा, तुमचा पाय हलतोय."

"कुठे?"

"मघापासून. खाटसुद्धा हलतेय. बसताना हलायचं नसतं."

"बरं, बाई."

"बरं काय? 'हो, सर' म्हणा!"

"हो, सर."

स्वयंपाकघरात बायको हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. सरांच्या जिवात जीव आला.

*

पुढे एका सकाळी फेरतपासणी झाली. सूज बरीच उतरली होती. "चालू दे तिला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पळणं मात्र अजून नाही."

दोघं बाहेर आले तर थांब्यावर बस, सुटायच्या बेतात. कंडक्टर दारातून ओरडला, "अहो, या की पळत! किती वेळ थांबायचं?"

सरांची पोटरी ताठली. भिंगरी पुढे झुकली. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी धरलं.

"आम्ही पळत नाही!" सर गरजले. मैदानावरचा आवाज, अख्खा रस्ता वळून बघायला लागला.

"मग बसा इथंच!" म्हणत कंडक्टरने घंटी मारली.

"पुढची कधी येईल, बाबा?"

"येईल तेव्हा येईल."

बस धूर सोडत गेली. दोघं सावकाश चालत थांब्यापर्यंत पोचले आणि रिकाम्या बाकावर ऐसपैस बसले.