बॉनेटवर दहा मिनिटं

चूक नानांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी त्यांचं वय आणि भाबडेपणा मध्ये आणायला नको.

मी नानांच्या गाडीचा काळा रंग बोलतोय. गाडी वेगळी, मी वेगळा. तिला इंजिन आहे, बिघडलं की ती खडखडून सांगते. मला ओरडता येत नाही. माझं जे काही बिघडतं ते गुपचूप बिघडतं, आणि उन्हात उभं केलं की सगळ्या गल्लीला दिसतं.

माझा जन्म एका बंद, काचेच्या खोलीत झाला. एक कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. आधी खालचा थर, मग काळा, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. लोक जिला माझी चमक म्हणतात ती त्या वरच्या थराची. सगळं मिळून माझी जाडी दोन केसांएवढीही भरत नाही. एवढ्या भांडवलावर आयुष्य काढायचं असतं.

शोरूममध्ये नाना म्हणाले, "काळ्या गाडीला वजन असतं."

"धूळही दिसते," त्यांची बायको म्हणाली. तिला घरात सगळे आई म्हणतात, नानासुद्धा.

"रोज पुसू की!"

शब्दाला पक्का माणूस. तिथेच घात झाला. रोज सकाळी नाना जुनं बनियन घेऊन यायचे आणि मला कोरडं पुसायचे. गोल गोल, कपाळाला बाम चोळावा तसं. धूळ म्हणजे दगडाचा चुरा, ती कोरडी चोळली की ओरखडे उठतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. सहा वर्षांत माझ्यावर ओरखड्यांचं कोळ्यासारखं जाळं पसरलं. मग चौकातल्या पॉलिशवाल्याकडून दोनदा मशीन मारून घेतलं. त्याने ओरखड्यांबरोबर मलाही खरवडून काढलं. शेजाऱ्यांना नाना सांगायचे, "गाडी जुनी झाली की असं होतंच." आपल्या हातचं नुकसान काळाच्या नावावर टाकणं मोठ्या माणसांना फार सफाईने जमतं.

आता चिकटबद्दल सांगतो. चिकट म्हणजे नानांची मुलगी. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सुटत नाही, म्हणून हे नाव. तिने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि गाड्या धुऊन-पॉलिश करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागली. नाना पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमची मुलगी लोकांच्या गाड्या पुसते." स्वतः रोज काय करत होते कोण जाणे!

वर्कशॉपच्या मॅडम नवी शाखा काढणार होत्या. ती सांभाळायला दोघांतून एकाला निवडायचं होतं: चिकट, नाहीतर अकरा वर्षं तिथे असलेला सीनियर. मॅडमची अट एकच. घरची नाहीतर ओळखीतली एखादी काळी गाडी तयार करून सोमवारी दहा वाजता आणायची. काळ्यावर काही लपत नाही. चिकटने नानांकडे चावी मागितली. "खराब करू नकोस म्हणजे झालं," नाना म्हणाले. हे कोण म्हणालं बघा.

त्या दोन दिवसांत मला कळलं की हात कशाला म्हणतात.

तिने मला आधी सावलीत गार होऊ दिलं. मग नुसतं पाणी. मग साबणाचा दाट फेस, आणि थांबणं. ती खरंच थांबली, धूळ सुटून खाली ओघळेपर्यंत. बादल्या दोन: एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. मऊ हातमोजा सरळ रेषेत, वरून खाली, दाब न देता. छत झालं की मोजा धू, दार झालं की पुन्हा धू. एकदा मोजा जमिनीवर पडला, तर तिने तो सरळ बाजूला टाकून दुसरा घेतला. कोरडं करताना पुसलंच नाही. टॉवेल अंगावर अंथरायची, टेकवायची, उचलायची. तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं.

मग छोटं यंत्र टेकवून माझी जाडी मोजली. बॉनेटचा आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. "मशीनचा एकच हात शिल्लक आहे रे," ती मला म्हणाली. त्या एका हातात तिने काय केलं! सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात कमी वेग, तळहाताएवढा तुकडा घेऊन, वाकून, दिव्याखाली तपासून. रविवारी संध्याकाळी माझ्यात झाडाचं पान न् पान दिसत होतं. मी जन्मलो तेव्हाही इतका खोल नव्हतो.

"नाना, आता कोरडं फडकं लावायचं नाही. पुन्हा मशीन मारलं तर वरचा थर निघून जाईल."

"बरं बरं," नाना पेपरातून म्हणाले.

सोमवारी सकाळी माझ्यावर थोडी धूळ बसली होती. चिकट आंघोळीला गेली, आणि नाना बनियन घेऊन आले. त्या दिवशी त्यांच्या मनात मुलीबद्दल प्रेम होतं, हे मान्य करतो. म्हणूनच जास्त जोर लावला. दहा मिनिटं, नुसत्या बॉनेटवर.

"नाना, काय केलंत हे?"

"तुझी परीक्षा ना, म्हटलं आपलाही हात लागावा."

"कोरड्याने?"

"मला नको शिकवू. तुझ्या जन्माच्या आधीपासून गाड्या पुसतोय."

"स्कूटर होती," आई दारातून म्हणाली. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं, पण त्यांना कोण सांगणार म्हणून गप्प बसली होती.

चिकटने पाइप उचलला. बॉनेटवर पाणी सोडलं, टॉवेल टेकवला, आणि निघाली. नानाही बरोबर आले.

मॅडमनी दिवा धरून दारं पाहिली, छत पाहिलं. "सुंदर." मग बॉनेट. "हे ताजं आहे. कुणी केलं?"

नाना शॅम्पूच्या ड्रमवरच्या सूचना वाचायला लागले.

"गाडी माझ्या ताब्यात होती," चिकट म्हणाली.

सीनियर माणूस चांगला. हळूच म्हणाला, "वरून तेल फिरव ना. दोन धुण्यांपर्यंत दिसत नाही."

"तिसऱ्या धुण्याला दिसेल."

"मग मशीन घे. अर्धा तास देते," मॅडम म्हणाल्या.

चिकटने यंत्र बॉनेटवर टेकवून आकडा दाखवला. "घासण्याएवढा थर उरला नाही, मॅडम. आता घासलं तर शाखा मला मिळेल आणि गाडीचा रंग जाईल."

मॅडमनी वाकून आकडा वाचला. "बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "पण गाडी अशी आणलीस. शाखा त्याला देते."

परत येताना नाना म्हणाले, "तुझी मॅडम जरा जास्तच कडक आहे."

आज माझी दारं अजून आरशासारखी आहेत. चिकट दर रविवारी दोन बादल्या घेऊन येते. बॉनेट सगळ्यात आधी धुते आणि तिथेच जास्त वेळ लावते. असा हात मिळालेला मी एकटाच असेन गल्लीत. तुमच्या दारात काळी गाडी असेल तर एवढंच ऐका: आधी पाणी, मग हात. तेवढा धीर नसेल तर धूळ राहू द्या. धुळीने मला काही होत नाही.

चिकटची शाखा गेली. माझ्या बॉनेटवरचे ओरखडे आता निघणार नाहीत.