दोनशे बाराव्या खाचेची तारीख

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मित्रांनो, आधी मी थळ गावच्या काळूरामच्या होडीत होते. होडी खडकावर फुटली, तेव्हा त्याने मला खांद्यावरून घरी आणले आणि भिंतीला ठोकले.

पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीसला तो अलिबागेतले झेंडे पाहून आला. त्याला लिहिता येत नव्हते. "आजपास्नं आपलं राज हाय," म्हणत त्याने सुरीने माझ्यावर पहिली खाच पाडली. मग रोज एक. लेक केसर जन्मली, त्या दिवशीच्या खाचेत त्याने पितळी खिळा ठोकला. ती दोनशे बारावी खाच. शेजारणी मला पाहायला येत, तेव्हा माझा ऊर भरून येई. पण तीन वर्षांत मी भरले. माझ्यावर जाळी टांगली गेली आणि सगळे मला विसरले.

केसरला शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली. काळूराम म्हणाला, "दोनशे बारा." मास्तरांनी तेवढेच लिहिले, पुढे त्यांची बदली झाली. एकसष्ट साली सातवीच्या परीक्षेचा अर्ज परत आला. तारीख दोन दिवसांत दिली नाही, तर केसरला परीक्षेला बसता येणार नव्हते.

नवे चांगदेव गुरुजी घरी आले. "बऱ्याच मुलांची एक जून लिहितात. तीच लिहू?"

"पोर जूनमधी न्हाय झाली, गुरुजी," म्हणत काळूरामने माझ्यावरची जाळी काढली. पहिली खाच झेंड्याच्या दिवसाची आणि खिळा केसरच्या जन्माचा, हे त्याने बोट ठेवून सांगितले.

गुरुजींनी खिळ्यापर्यंतच्या खाचा मोजल्या, एकेका महिन्याचे दिवस वजा केले. "चौदा मार्च अठ्ठेचाळीस." केसरने देवळातून त्या सालचे पंचांग आणले. त्या दिवशी रविवार होता.

"रविवार कसा?" केसरची आई नीराबाई म्हणाली. "मारुतीला तेल घालून आले नि कळा सुरू झाल्या. शनवार व्हता."

काळूरामचा चेहरा उतरला. "माझाच एखादा दिस चुकला का काय?"

गुरुजींनी पंचांगाचे मागचे पान उलटले आणि कपाळावर हात मारला. "त्या साली फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा! चूक माझी, काळूराम. तेरा मार्च, शनिवार. तुझी एकही खाच चुकली नाही."

केसरने स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली. काळूरामने ती तिच्याकडून तीनदा वाचून घेतली.

मित्रांनो, आकडे जपाच, पण मोजणी कोणत्या दिवसापासून धरली तेही शेजारी लिहून ठेवा. मोजणारा माणूस सांगायला नेहमीच घरी नसतो.